टायगर, झोया आणि जालन्याची वाट

१२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा रविवार. मालेगावच्या मोहन सिनेमागृहात 'टायगर ३'चा रात्रीचा खेळ चालू होता. पडद्यावर सलमान खान आला आणि पोरांनी बंद हॉलमध्ये फटाके पेटवले, अग्निबाण सोडले. लोक खुर्च्यांवरून उड्या मारत दाराकडे पळाले. त्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी देशभर फिरला. छावणी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि खुद्द सलमानने, असलं काही करू नका, तुमच्या आणि दुसऱ्यांच्या जिवाला धोका आहे, असं चाहत्यांना कळवलं. टीव्हीवाल्यांना एक दिवसाचा मसाला मिळाला. मालेगावची पोरं सिनेमावेडी आहेत हे काही नवीन नाही. ज्या गावाने हातमागाच्या आणि यंत्रमागाच्या खडखडाटात स्वतःचा 'शोले' आणि स्वतःचा 'सुपरमॅन' काढला, तिथे सलमानसाठी फटाके फुटणारच. बंद हॉलमध्ये ते फोडणं हा मूर्खपणाच, त्यावर दुमत नाही.

पण त्या व्हिडिओखाली मी वाचलेल्या शेकडो प्रतिक्रियांत एक गोष्ट कोणी लिहिली नव्हती. ज्या पात्रासाठी हे फटाके फुटत होते ते पात्र 'रॉ'चा, म्हणजे भारताच्या गुप्तचर खात्याचा माणूस आहे. आणि ज्या गावात ते फुटत होते त्या गावाला गुप्तचर या शब्दाचा वेगळाच अनुभव आहे. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर मालेगावच्या बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक सगळी मुसलमान. त्या गुन्ह्यासाठी नऊ मुसलमान तरुणांना धरलं गेलं. ते पाच वर्षं तुरुंगात होते, त्यातले बहुतेक २०११ मध्ये जामिनावर सुटले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. त्यातला एक जण तो दिवस बघायला जिवंत नव्हता. कोणीतरी कुठेतरी एक खबर दिली, कोणीतरी ती कागदावर उतरवली, आणि ती खरी आहे का हे तपासायला दहा वर्षं लागली. त्याच गावातली पुढची पिढी एका गुप्तहेरासाठी शिट्ट्या वाजवत होती. मला याचं हसू आलं नाही आणि रागही आला नाही. मी सिनेमा पाहायला गेलो.

सिनेमा मी इकडेच पाहिला, शहरात जाऊन. राहायला मी शेंद्र्याला. शेंद्रा म्हटलं की आता लोकांना एमआयडीसी, स्कोडाचा कारखाना आणि 'ऑरिक' हे नवं औद्योगिक शहर आठवतं. गावाचं पूर्ण नाव शेंद्रा कमंगर, आणि कमंगर ऐकलं की मला फारसीतला कमानगर, म्हणजे धनुष्य करणारा, आठवल्याशिवाय राहत नाही. औरंगाबादहून जालन्याकडे निघालं की चिकलठाण्याचं विमानतळ मागे टाकून आपण इथे येतो. (ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी शहराचं नाव सरकारी कागदांवर छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या काळाबद्दल लिहिताना मी औरंगाबाद लिहितो, कारण तेव्हाच्या कागदांत तेच आहे.) या जालन्याच्या वाटेचं काम पुढे पडणार आहे.

आधी सिनेमा. यशराजच्या हेरपटांच्या मालिकेतला हा पाचवा: 'एक था टायगर' (२०१२), 'टायगर जिंदा है' (२०१७), 'वॉर' (२०१९), 'पठाण' (२०२३) आणि मग हा, दिग्दर्शक मनीष शर्मा. टायगर म्हणजे अविनाश सिंह राठोड. त्याची बायको झोया, पूर्वीची आयएसआयची हेर. दोघं मुलाला घेऊन ऑस्ट्रियाच्या डोंगरात राहतात. एका कामगिरीवर टायगरचा जुना सहकारी गोपी मरता मरता त्याला सांगतो की झोया दुहेरी खेळ खेळते आहे. झोयाचा जुना वरिष्ठ आतिश रहमान (इम्रान हाश्मी) याने त्यांच्या मुलाला विष दिलं आहे आणि त्या जोरावर दोघांकडून काम करून घेतो आहे. त्याला पाकिस्तानात लष्करी उठाव करायचा आहे, कारण तिथल्या महिला पंतप्रधानांना भारताशी शांतता हवी आहे. थोडक्यात, भारताचा हेर पाकिस्तानची लोकशाही वाचवतो.

अडीच तासांहून लांब सिनेमा आहे आणि त्यातला निम्मा वेळ गाड्या उडण्यात जातो. कतरिना कैफची हमामातली मारामारी चांगली झाली आहे. हाश्मी आवाज न चढवता दहशत उभी करतो. शाहरुख येतो तेव्हा दोघे म्हातारे हिरो एकमेकांची थट्टा करतात, ते बघायला बरं वाटतं. सलमान मात्र दमलेला दिसतो. शेवटी पाकिस्तानातली मुलं भारताच्या राष्ट्रगीताची धून वाजवतात. तिथे माझ्या ओळीतला एक म्हातारा उठून उभा राहिला, मग सगळेच उभे राहिले. मीही.

मला या मालिकेत जे खुपतं ते वेगळं आहे. पाचही सिनेमे एकाच प्रश्नावर उभे आहेत: तू कोणाचा? 'टायगर ३' मध्ये तो प्रश्न नवऱ्याने बायकोला विचारला आहे. झोया दहा-अकरा वर्षं संसार करून, मूल वाढवूनसुद्धा एका मरणाऱ्या माणसाच्या एका वाक्याने संशयित होते. 'पठाण'मधली रुबाई, तीही आयएसआयची. आणि 'वॉर'? त्यात एक भारतीय मुसलमान लढवय्या आहे, खालिद रहमानी. त्याचा बाप फितूर निघालेला, म्हणून पोराला सगळा जन्म तो डाग धुण्यात घालवायचा आहे. त्याची आई, त्याचे वरिष्ठ, तो स्वतः, सगळे त्याच्या रक्ताकडे बघत असतात. सिनेमाच्या शेवटी कळतं की खालिद केव्हाच मारला गेला आहे आणि गद्दारी करणारा दुसराच कोणीतरी शस्त्रक्रियेने त्याचा चेहरा लावून फिरतो आहे. मला हे लेखकाला नकळत सुचलेलं या मालिकेतलं सगळ्यात खरं दृश्य वाटतं. गद्दाराने घालायला निवडलेला चेहरा खालिदचा होता.

या सिनेमांना मी मुसलमानविरोधी म्हणणार नाही. उलट, गेल्या काही वर्षांत जे विखारी सिनेमे आले त्यांच्या शेजारी ठेवले तर हे सभ्य आहेत. पाकिस्तानातही भली माणसं असतात एवढं म्हणायची हिंमत ते करतात. पण त्यांच्या जगात हेर म्हणजे निष्ठेची परीक्षा देणारा माणूस. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकाने मला हसत विचारलं, "काय, झोयाभाभी आवडली का? तुमच्याकडचीच ना." वाईट हेतू नव्हता, चहाही त्यानेच पाजला. पण 'तुमच्याकडची' म्हणजे कुठली, हे आम्हा दोघांनाही समजलं होतं.

हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यात कसा विचारला जायचा ते आता पाहू. शिवाजी महाराजांच्या सैन्यात किती मुसलमान होते त्याची यादी मी इथे देणार नाही; ती यादी आता लग्नपत्रिकेसारखी सगळ्यांना पाठ झाली आहे आणि तिच्याने कोणाचं मन बदललेलं मी पाहिलेलं नाही. मला एकाच महिन्याबद्दल बोलायचं आहे. नोव्हेंबर १६७९.

मोगलांचा सरदार दिलेरखान विजापूरच्या बोकांडी बसला होता. विजापूरचा कारभारी सिद्दी मसऊद याने शिवाजी महाराजांकडे मदत मागितली. महाराजांनी दिलेरखानाला मागे ओढायला मोगल मुलखात मुसंडी मारली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर जालना गाठलं. जालना तेव्हा पेठेचं, पैसेवालं गाव. औरंगाबादेत दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेबाचा मुलगा शहजादा मुअज्जम बसलेला, आणि त्याच्यापासून साठ किलोमीटरवर मराठ्यांचं सैन्य चार दिवस जालना लुटत होतं. आज शेंद्र्यावरून जालन्याला जाणारी एसटी ते अंतर दीड-दोन तासांत कापते.

परतताना संगमनेरच्या बाजूला रणमस्तखानाने मराठ्यांना गाठलं. सिदोजी निंबाळकर पडला, लढाई तीन दिवस चालली. औरंगाबादहून मोगलांची आणखी कुमक निघाली होती. आणि इथे, मराठी परंपरा सांगते, त्या कुमकेतल्या केसरीसिंग नावाच्या रजपूत सरदाराने रात्री आतून निरोप पाठवला: वेढा पुरा व्हायच्या आत निघा. मग महाराजांचा जासुदांचा नाईक बहिर्जी पुढे झाला. ओळखीच्या वाटांनी जाणं शक्य नव्हतं. त्याने आडवाटेने तीन दिवस, तीन रात्री चालवून महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून किल्ल्याचं नाव विश्रामगड पडलं. हजारो माणसं आणि लुटीचा मोठा भाग मात्र मागेच राहिला.

आता त्या महिन्यातली माणसं जरा बघा. एक मराठा राजा एका मुसलमान सल्तनतीच्या मदतीसाठी मोगलांवर चालून गेला आहे. मोगलांच्या बाजूचा एक रजपूत त्याला वाचवतो. आणि त्याच वेळी युवराज संभाजी राजे दिलेरखानाच्या छावणीत आहेत. वर्षभरापूर्वी ते तिकडे गेले होते आणि त्याच नोव्हेंबरात तिथून निसटून पन्हाळ्याकडे आले. पुढे हेच संभाजी राजे मोगलांपुढे न झुकता मेले. तीन-चार वर्षं पुढे गेलं की उलटी वाट चालणारा माणूस भेटतो, शिवाजी महाराजांचा फारसी मुनशी काझी हैदर. महाराज असेपर्यंत तो त्यांच्या विश्वासातला होता. संभाजी महाराजांच्या काळात तो मोगलांकडे गेला आणि पुढे औरंगजेबाच्या दरबारात काझीपदाला पोचला.

केसरीसिंग हिंदू म्हणून हिंदूला मदत करून गेला, असं कोणी म्हणेल. काझी हैदर मुसलमान म्हणून मुसलमानाकडे गेला, असंही कोणी म्हणेल. हिशोब सोपा होतो. पण मग सिद्दी मसऊदला मदत कशी बसवायची? मोगल फौजेत शेवटपर्यंत लढलेल्या शेकडो रजपुतांना आणि मराठ्यांना कुठे बसवायचं? त्या काळी निष्ठा मिठाची होती, वतनाची होती, एखाद्या माणसाची होती, भीतीची आणि कधी नुसत्या मैत्रीची होती. धर्म त्यात होता, पण एकटा नव्हता. आजचा पटकथाकार १६७९ चा सिनेमा लिहायला बसला तर पहिल्या पंधरा मिनिटांत अडकेल, कारण त्याला प्रत्येक पात्राच्या कपाळावर एकच नाव लिहायचं असतं.

जालन्याच्या त्या स्वारीतली एक गोष्ट आपल्या लोकांना अवघड जाते, ती टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. जालन्याबाहेर सय्यद जान महंमद नावाच्या सूफी बुजुर्गांचं ठिकाण होतं. गावातल्या सावकारांनी आपला पैसा-अडका घेऊन तिथे आसरा घेतला, कारण शिवाजी महाराज फकिरांच्या जागेला हात लावत नाहीत हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. या वेळी मात्र सैनिक आत शिरले. खाफीखान हा मोगल इतिहासकार लिहितो की फकिराने शाप दिला आणि पाच महिन्यांत महाराज वारले. महाराजांचा मृत्यू एप्रिल १६८० चा, म्हणून गोष्टीला तारखेचाही आधार मिळाला आणि ती टिकली.

शापाचं सोडा. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. खाफीखान महाराजांचा शत्रू. त्यांच्यासाठी तो वापरतो ते शब्द मी इथे लिहिणार नाही. पण तोच खाफीखान नोंदवून ठेवतो की शिवाजी महाराजांचा सक्त नियम होता: मशिदीला, कुराणाला आणि बायकांना हात लावायचा नाही. कुराणाची प्रत हाती आली तर ती अदबीने एखाद्या मुसलमानाकडे द्यायची. आज मराठीत महाराजांच्या धर्मधोरणावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण या नोंदीचा आधार घेतो. ती नोंद शत्रूच्या लेखणीतली आहे, आणि आपल्या बाजूच्या विरुद्ध जाईल हे माहीत असून लिहिलेली आहे. सावकार त्या दर्ग्यात का लपले, याचं उत्तरही त्याच नोंदीत आहे.

या सगळ्यामागे एक यंत्रणा होती, तिच्यावर एकही सिनेमा निघालेला नाही. प्रत्येक सुभ्यात बादशाहाचा वाकियानवीस असे. सुभ्यात काय घडलं ते सगळं तो लिहून दरबारी पाठवायचा. तो उघड माणूस. सुभेदाराला माहीत असायचं की हा लिहितो आहे. म्हणून त्याच्यावर दुसरा, सवानिहनिगार. त्यालाही कोणी विकत घेईल म्हणून तिसरा, खुफियानवीस, ज्याचं तोंड सुभेदाराने पाहिलेलंच नसायचं. त्याशिवाय हरकारे, चालत बातमी आणणारे. दख्खनमध्ये यांत ब्राह्मणही पुष्कळ होते. सगळ्यांचे कागद डाकचौकीच्या दारोग्याकडे जमायचे. मनुची हा इटालियन प्रवासी लिहितो की ते कागद रात्री नवाच्या सुमारास महालातल्या बायका बादशाहाला वाचून दाखवत.

या लोकांचं मुख्य काम शत्रूवर नजर ठेवणं नव्हतंच. ते आपल्याच सुभेदाराबद्दल, आपल्याच फौजदाराबद्दल, आपल्याच काझीबद्दल लिहीत. कोणाच्या फौजेत कागदावर पाचशे घोडे आणि तबेल्यात दोनशेच, कोणी रयतेकडून जास्तीचा पैसा काढला, कोणी लढाईत मागे राहिला. म्हणजे मोगलांच्या हेराची खरी कसोटी आपल्या बाजूचं वाईट लिहिता येतं का, ही होती. लाच खाऊन खोटं लिहिणारे होते, मार खाल्लेले होते, सुभेदाराला घाबरून गप्प बसलेले होते. बातमीदार खोटं बोलू शकतो हे गृहीत धरूनच तर एकावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा नेमला होता. मालेगावची नऊ पोरं आठवली की मला हा तिसरा माणूस आठवतो.

या यंत्रणेचे कागद औरंगाबादेतच होते. किले अर्कमध्ये, म्हणजे औरंगजेबाच्या महालाच्या आवारात, मोगल दफ्तराचे गठ्ठे दोन शतकांहून जास्त पडून होते. निजामाच्या काळात, १९१६ च्या सुमारास, ते हैदराबादला हलवले गेले. लाखाहून अधिक कागद, बहुतेक औरंगजेबाच्या काळातले. त्यातले १६६० ते १६७१ मधले दख्खनचे निवडक वाके युसूफ हुसेन खान यांनी संपादित केले आणि ते १९५३ मध्ये हैदराबादच्या दफ्तरखान्याने छापले. हे कागद अगदी रुक्ष आहेत. कोण आलं, कोणाला खिलत मिळाली, कुठला किल्लेदार आजारी, कुठे चोरी झाली. मारामारी नाही, गाडी उडत नाही. पण दख्खनचा सतराव्या शतकाचा इतिहास लिहायला बसलेल्याला यांच्यावाचून चालत नाही.

औरंगाबादेत वाढलेल्या भीमसेन सक्सेनाचंही नाव इथे घ्यायला हवं. कायस्थ घरातला, बाप मोगल तोफखान्याच्या दफ्तरात, स्वतः दलपतराव बुंदेल्याच्या पदरी. मोगलांचं मीठ खाल्लेला हिंदू माणूस फारसीत आठवणी लिहितो, 'नुस्खा-ए-दिलकुशा', आणि त्यात औरंगजेबाच्या दख्खनच्या लढाईने रयतेची आणि फौजेची काय दैना केली ते स्पष्ट लिहितो. त्याला कोणी गद्दार म्हणालं नाही.

आता झोया. हिंदी सिनेमाने रंगवलेली मुसलमान हेर बाई बहुतेक तिकडची, देखणी, आणि प्रेमात पडून इकडे येणारी. खरी होऊन गेलेली एक बाई आठवते, नूर इनायत खान. तिचे वडील हजरत इनायत खान १८८२ मध्ये बडोद्यात जन्मले, म्हणजे मराठ्यांच्या, गायकवाडांच्या राज्यात. त्यांचे आजोबा मौलाबक्ष बडोद्याच्या दरबारचे मोठे गवई. आजोळकडून त्यांचं नातं टिपू सुलतानाच्या घराण्याशी जोडलेलं. इनायत खान सूफी विचार घेऊन पश्चिमेकडे गेले. नूर १ जानेवारी १९१४ ला मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली. तिने १९३९ मध्ये मुलांसाठी जातककथा लिहिल्या. एका सूफीच्या मुलीने बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी निवडाव्यात हे मला फार आवडतं. त्या गोष्टी आमच्याकडे अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत.

युद्धात फ्रान्स पडल्यावर ती इंग्लंडला गेली आणि बिनतारी संदेश पाठवायला शिकली. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी तिला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरवलं. अशा कामावर गेलेली ती पहिली बाई संदेशवाहक. पोचल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या गटातले लोक भराभर पकडले गेले. परत ये असं सांगितलं तरी ती राहिली, कारण पॅरिसमधून लंडनला बातमी पाठवणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. यंत्र पेटीत घालून ती घरं बदलत फिरली. ऑक्टोबरमध्ये पैशासाठी तिचा पत्ता विकला गेला. पाठवलेल्या संदेशांच्या प्रती तिने वहीत जपून ठेवल्या होत्या, त्या जर्मनांच्या हाती लागल्या आणि ते तिच्या नावाने लंडनशी बोलू लागले. लंडनच्या कार्यालयाने फसवणुकीच्या खुणांकडे दुर्लक्ष केलं आणि पाठवलेली आणखी माणसं थेट जर्मनांच्या हातात पडली. नूरला बेड्यांत ठेवलं, तिने काही सांगितलं नाही. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये ब्रिटनने तिला जॉर्ज क्रॉस दिला.

तिची निष्ठा कोणाकडे होती? ब्रिटनसाठी ती मेली, आणि नेमणुकीच्या मुलाखतीत तिने अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की युद्ध संपल्यावर मी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहीन. त्यांनी तरीही तिला घेतलं. 'टायगर ३'च्या झोयाला असं एकही वाक्य दिलेलं नाही. तिला पाकिस्तानबद्दल काय वाटतं, बापाच्या खात्याबद्दल काय वाटतं, हिंदुस्थानात कधी गेली तर तिचं कोण स्वागत करेल, यावर ती बोलत नाही. तिच्या तोंडी मुलगा आहे, नवरा आहे आणि मारामारी आहे. कतरिनाला हमामातल्या टॉवेलऐवजी पाच मिनिटांचा एक प्रसंग दिला असता, ज्यात ती आतिशला तुझं काय चुकलं ते आणि टायगरला तुझ्या लोकांचं काय चुकलं ते सांगते, तर हा सिनेमा मालिकेतला सगळ्यात मोठा झाला असता. तिच्याशिवाय ते सांगण्याच्या जागेवर त्या कथेत दुसरं कोणी उभंच नाही. दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लेली ती एकटी आहे.

तरी सिनेमा बघा म्हणेन. मुलांना आवडेल, माझ्या भाच्यांना फार आवडला, हृतिकसाठी ते शेवटच्या नावांच्या पाट्या संपेपर्यंत बसून राहिले. घरी बघा म्हणजे फटाक्यांची भीती नाही. आणि कधी जालन्याला जाणं झालं तर शेंद्र्याच्या पुढे, करमाडनंतर, दोन्ही बाजूंना मोकळा माळ लागतो, तिकडे नजर टाका. याच पट्ट्यातून एका नोव्हेंबरात जालना लुटल्याची बातमी घेऊन कोणी हरकारा औरंगाबादेकडे पळाला असेल. मराठी बखरीने बहिर्जीचं नाव राखलं, सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात. या हरकाऱ्याचं नाव कोणत्याही कागदात नाही.